बाकीच्यांनी यावं

“तुमचा भोंगा कधीच कसा बिघडत नाही हो?” बायकोने चहाचा कप त्याच्यापुढे आदळत विचारलं.

भोंगेवाला तारेचं वेटोळं खांद्यावर अडकवत होता. अख्खं गाव त्याला याच नावाने ओळखायचं. सभा असो, लग्न असो, त्याचे भोंगे ऐन वेळी कधी मुके झाले नव्हते आणि या एका गोष्टीचा त्याला भारी तोरा होता.

“बिघडायला ते काय सरकारी आहेत?” तो हसून म्हणाला.

बायको हसली नाही. “आज बिघडू द्या. ते भाषण पोराच्या कानावर पडायला नको. मी आजवर तुमच्याकडे काही मागितलं नाही.”

हे काही खरं नव्हतं. तिने पुष्कळ मागितलं होतं, भांडून मागितलं होतं. पण असं रडवेलं होऊन कधी मागितलं नव्हतं.

ते भाषण जेमतेम दोन मिनिटांचं. मागच्या लढाईत शत्रू नदीपर्यंत येऊन ठेपला, त्या संध्याकाळी देशाचा तेव्हाचा प्रमुख रेडिओवर बोलला होता. आवाज बसलेला, मध्येच एकदा खोकला. शेवट असा होता : “पुलावर माणसं कमी पडताहेत. ज्याला आज झोप लागेल, त्याने खुशाल झोपावं. बाकीच्यांनी यावं.” बस्स, एवढंच. पूल वाचला. बोलणारा केव्हाच मातीत गेला, भाषण मात्र मरायचं नाव घेईना. पोरं खेळायला हाका मारताना तेच म्हणत, पाहुण्यांना जेवायला बोलावताना यजमान तेच म्हणून हशा पिकवत. आणि दर वर्षी पुलाच्या दिवशी मैदानात त्याची टेप लागली की तीच माणसं डोळे पुसत.

भोंगेवाल्याचा थोरला भाऊ ते ऐकून भरल्या ताटावरून उठला होता. हात धुतले, “आलोच” म्हणाला आणि गेला. त्यांची आई पुढे कित्येक वर्षं रात्री दाराला कडी लावू देत नसे. भोंगेवाला तेव्हा लहान होता आणि त्या रात्री त्याला गाढ झोप लागली होती. लहान पोराला झोप लागणारच, हे त्याला कळत होतं. तरी टेप लावताना दर वर्षी त्याला त्या झोपेची लाज वाटायची.

आता नवी लढाई जुंपली होती. मैदानाच्या कडेला भरतीचं टेबल मांडलं होतं. मुलगा बर्फाच्या कारखान्यात कामाला. त्याचे दोघे मित्र नाव देऊन आले होते. याला विचारलं की “बघू” म्हणायचा. त्या ‘बघू’वर त्याची आई दिवस काढत होती.

सकाळी मुलाने बापाला भोंगे बांधायला मदत केली आणि तो मित्रांमध्ये जाऊन उभा राहिला. मैदान गच्च भरलं. टेप सुरू झाली. खोकला आला, गेला. “पुलावर माणसं...” एवढं वाजलं, आणि भोंगेवाल्याने पायाच्या अंगठ्यात धरून तार ओढली.

सगळं चिडीचूप झालं. मग कुजबुज, मग शिट्ट्या.

“अहो भोंगेवाले, आजच मुहूर्त सापडला का?”

“डुलकी लागली वाटतं!”

“अरे, निदान भावाची तरी लाज ठेव!”

भोंगेवाला खाली वाकून उगाच स्क्रू पिळत राहिला. कान तापले होते. पण आतून त्याला बरं वाटत होतं. चार शिव्यांवर पोर घरी राहत असेल, तर सौदा स्वस्तात पडला. हाणा म्हणावं अजून.

तेवढ्यात त्याला आवाज ऐकू आला. माईक नाही, काही नाही, नुसत्या घशाचा.

“पुलावर माणसं कमी पडताहेत!”

मुलगा मंचावर चढला होता. चेहरा लालबुंद. लोकांनी बापाला हसायचं थांबवावं, एवढ्यासाठीच तो चढला होता. भोंगेवाल्याला हे पाहताक्षणी कळलं. बापाला कुणी हसलेलं या पोराला लहानपणापासून खपत नसे. मैदान गप्प झालं. मग एकेक करून सगळे त्याच्यासोबत बोलू लागले, म्हातारे, बायका, कडेवरची पोरं. “बाकीच्यांनी यावं” हे सगळ्यांनी मिळून म्हटलं.

भाषण संपलं आणि मुलगा तिथेच उभा राहिला. सगळं गाव त्याच्याकडे बघत होतं. एवढं बोलून झाल्यावर खाली उतरून घरी कसं जायचं, हे त्यालाही सुचेना. तो सावकाश उतरला आणि टेबलाकडे चालू लागला. टाळ्यांचा कडकडाट झाला. त्याच्यामागे रांग लागली.

“पोरानं बापाची अब्रू राखली!” सभेचे अध्यक्ष भोंगेवाल्याच्या पाठीवर थाप मारून म्हणाले. त्याने मान हलवली. ओरडून रडावंसं वाटत होतं, पण चारचौघांत रडणार कसा?

मैदान रिकामं झाल्यावर मुलगा आला. भोंगे उतरवता उतरवता हळूच म्हणाला, “बाबा, तार निसटली होती. मी बघितलं.”

‘मीच ओढली’ हे शब्द भोंगेवाल्याच्या अगदी ओठांवर आले होते. पण सांगून आता भरतीचा तो कागद फाटणार नव्हता. आपण कसल्या बापासाठी मंचावर चढलो, एवढंच पोराला कळलं असतं.

“निसटली खरी,” तो म्हणाला.

“जाऊ द्या, होतं असं. तारेचं आईला सांगू नका, उगाच मनाला लावून घेईल.” मुलगा थांबला. “पुढच्या वर्षी कुणाला तरी हाताशी घ्या. मी नसेन ना.”

“घेतो.”

मुलाने तारेचं पलीकडचं टोक उचललं आणि ती गुंडाळत गुंडाळत तो बापाकडे येऊ लागला.