जिनिंगच्या पडवीतला फळा

बोलतोय मी, जिनिंगच्या पडवीतला काळा फळा. देवगाव फाट्यावरून सेलूच्या रस्त्याला लागलात, की डाव्या हाताला कापसाच्या पांढऱ्या गंज्या दिसतात. तीच आमची जिनिंग. इथं कापूस आत जातो आणि रुई एकीकडे, सरकी दुसरीकडे निघते. ते काम मशीन करतं. मशीन चालवायला माणसं लागतात आणि माणसांना शिकवायला मी लागतो. लागायचो, असं म्हणायला हवं. तुमच्या हातात फोन असेल तर आधी तो पालथा ठेवा, मगच पुढचं सांगतो.

मी काही सागवानी नाही, खोटं कशाला बोलू? अकरा वर्षांपूर्वी नवीन मशीन ज्या खोक्यातून आलं, त्या खोक्याचं मी प्लायवूड. बाकीचं प्लायवूड चुलीत गेलं. मला मात्र आमच्या बन्सीधर मिस्त्रींनी उचललं, काळा रंग दिला आणि पडवीत खिळे ठोकून बसवलं. वर पांढऱ्या ऑइलपेंटनं एक ओळ लिहिली: 'रुई कमी पडली की पाती घट्ट करा.' मशीनमध्ये चामड्याचा रूळ फिरतो आणि त्याला लोखंडी पाती टेकलेली असते. तिच्यामुळे रुई सुटते. ही ओळ पुसायची नाही, असा मिस्त्रींचा हुकूम होता. म्हणून ती माझ्या कपाळावर कायमची राहिली आणि मी तिचा फार तोरा मिरवला.

खालच्या भागात रोजचा धडा. मिस्त्रींचा नियम साधा होता. काल ज्याच्या हातून चूक झाली, त्यानं आज स्वतः खडूनं ती माझ्यावर लिहायची. नाव लिहायचं नाही, फक्त चूक. 'पट्टा उलटा चढवला.' 'चहा प्यायला गेलो, मशीन रिकामंच फिरलं.' अक्षरावरून कुणाची चूक ते सगळ्यांना कळायचंच. मग हशा पिकायचा आणि तीच चूक सहसा पुन्हा व्हायची नाही. सकाळी कामावर येणारा प्रत्येक माणूस आधी माझ्यासमोर उभा राहायचा. देवळात गेल्यासारखं वाटायचं. म्हणजे देव मी, हे सांगायला नकोच.

माझ्याखालीच बाया भाकरी खायला बसायच्या. त्यात पंचफुला. टोपल्यानं कापूस आणून मशीनमध्ये टाकायचं तिचं काम, आणि तेही चौदा हंगाम. माझ्याहून जुनी. पण तिनं खडू कधी हातात धरला नाही, माझ्याकडे मान वर करून कधी पाहिलंही नाही. मी मनात म्हणायचो, अंगठेबहाद्दर बाई, हिला काय येतंय!

मिस्त्री थकले, सोनपेठला मुलाकडे राहायला गेले. त्यांच्या जागी बालाजी मिस्त्री झाला. पोरगा हुशार, पण माझा वैरी निघाला. दोन हंगामांपूर्वी त्यानं सगळ्यांच्या फोनमध्ये एक ग्रुप काढला. नाव ठेवलं 'रूळ-पाती'. आणि माझं दिवाळं निघालं.

आता चूक लिहायची ती ग्रुपवर. कुठं पट्टा तुटला की लगेच फोटो, त्यावर लाल गोल. बालाजी पाना कसा धरायचा त्याचा व्हिडिओ टाकायचा. मशीनजवळ फोन न्यायला बंदी, म्हणून फोन पडवीत माझ्यासमोरच्या फळीवर राहायचे. चहाच्या वेळी सगळे माझ्याकडे पाठ करून त्या चौकोनी तुकड्यांत तोंड खुपसायचे. माझा खडू कुणी नेला, डस्टर तर खिडकीची पाचर झाला.

मला त्या ग्रुपचा राग यायचा. खरं तर राग नव्हे, मत्सरच. माझ्यावरचं रोज पुसलं जायचं, त्याच्यातलं मागच्या वर्षीचंही बोट फिरवलं की वर येतं. मी एका भिंतीला, आणि तो एकाच वेळी पालमहून कामाला येणाऱ्या पोराच्या खिशात, मालकांच्या गाडीत आणि सोनपेठच्या ओसरीवर. हो, सोनपेठच्या! ज्या मिस्त्रींनी मला चुलीतून वाचवलं, तेही ग्रुपवर गेले. तिथून दोन-दोन मिनिटं बोलून धडे द्यायला लागले. मला एवढं कधी बोलले नव्हते.

त्यातल्या त्यात एकच समाधान होतं. ग्रुपवर कामाच्या गोष्टीआधी शुभ सकाळची वीस फुलं यायची. त्यावर हात जोडलेले, त्यावर अंगठे. खरा प्रश्न त्या फुलांखाली गाडला जायचा. हे बघून मला उकळ्या फुटायच्या. माझ्यावर कुणाची हिंमत नव्हती फुलं काढायची.

यंदा धम्मशीला पुढं आली. बारावी शिकलेली, आधी दोन हंगाम टोपलं उचलणारी. तिनं मालकांकडे, आबासाहेबांकडे, मशीन मागितलं. आमच्या जिनिंगमध्ये बाईनं मशीन कधी चालवलं नव्हतं. आबासाहेब म्हणाले, "महिनाभर सात नंबर चालवून बघ. जमलं तर मशीन तुझं. न्हाई जमलं तर परत टोपलं, मग मला पुन्हा विचारायचं न्हाई."

धम्मशीलानंच पंचफुलाला ग्रुपवर आवाज कसा सोडायचा ते शिकवलं. पंचफुला फोन तोंडाशी धरून ओरडायची, जणू माणूस नदीपल्याड उभा आहे. मी हसायचो. ग्रुपवर तिचं कुणी फारसं ऐकायचंही नाही.

महिना संपायला चार दिवस होते. थंडीची सकाळ, गंजीवर दव पडलेलं. सात नंबरवर रुई कमी पडायला लागली. बालाजी मोटारसायकलवरून परभणीला सामान आणायला गेलेला. धम्मशीला शेजारच्या मशीनवाल्याला लक्ष ठेवायला सांगून पडवीत आली, फोन घेतला आणि ग्रुपवर लिहिलं, 'सात नंबरला रुई कमी पडायलीय, काय करू?'

उत्तरात गुलाब आला. मग उगवता सूर्य. मग तीन अंगठे. माझ्या आनंदाला पारावार राहिला नाही. बघ, म्हटलं, बघ तुझ्या गुरूची करामत! पोरीनं पंचफुलाला फोन लावून पाहिला, तो बंद. पडवीत चार्जिंगची सोय नव्हती, ऑफिसातल्या एका पिनेसाठी सगळ्यांची झुंबड. पंचफुला पार पलीकडच्या गंजीवर, हाक पोचणार नाही इतकी लांब.

मग धम्मशीलानं मान वर करून माझ्याकडे पाहिलं. कित्येक महिन्यांनी कुणीतरी पाहिलं हो! तिनं माझी वरची ओळ वाचली, ओठ हलवत, दोनदा. मी प्लायवूड असूनही अंगावर काटा आला. ती धावत आत गेली आणि तिनं पाती घट्ट केली.

थोड्या वेळानं जळक्या चामड्याचा वास आला. मग धूर. लोकांनी मशीन बंद केलं, धुमसणारा कापूस ओढून बाहेर काढला. आग लागली नाही एवढंच नशीब. रूळ मात्र काळा ठिक्कर पडला.

आबासाहेब आले, रूळ पाहिला आणि एवढंच म्हणाले, "उद्यापासून टोपलं." गाडीत बसून निघूनही गेले.

धम्मशीला माझ्याखाली बसून रडायला लागली. पंचफुला आली. म्हणाली, "रडू नको माय. काय केलं तू?"

"मावशी, फळ्यावर लिहिलंय तसंच केलं."

"काय लिवलंय?"

इतक्या वर्षांत कुणी तिला ती ओळ वाचून दाखवलीच नव्हती. धम्मशीलानं वाचून दाखवली. पंचफुला माझ्याकडे बघत राहिली. तिची ती नजर मला नको झाली. मग धम्मशीलाचा फोन घेऊन ती ग्रुपवर बोलली, नेहमीसारखीच ओरडून.

"मालक, पंचफुला बोलायलेय. पोरीची चूक न्हाई. सकाळचा कापूस वल्ला असतोय, म्हणून रुई कमी पडती. त्याला पाती घट्ट केली की रूळ तापतोय, चर्र चर्र वरडतोय. मी चौदा सीजन ऐकायलेय. पाती सैल ठिवायची, वाळलेला कापूस आधी टाकायचा. फळ्यावर उलटं लिवलंय. मला वाचता येत न्हाई, न्हाईतर कवाच सांगितलं असतं."

या वेळी कुणी अंगठा पाठवला नाही. मी मनात घोकत होतो, मिस्त्री, माझी बाजू घ्या. तुमचं अक्षर आहे हे, तुम्हीच माझे मायबाप.

सोनपेठहून आवाज आला. धम्मशीलानं तो मोठ्यानं लावला.

"आबासाहेब, बन्सीधर बोलतोय. ती वळ माझी हाय. त्या साली पाऊस लय कमी, कापूस कडक वाळलेला, तवा ते बरोबर व्हतं. जुनी माणसं हाताच्या अंदाजानं पाती लावायची, म्हणून पुढं मी बदलायचं इसरलो. पंचफुलाबाई बरोबर सांगायल्यात. चूक माझी. पोरीला मशीनवर ठिवा."

अकरा वर्षं त्यांची चूक मी कपाळावर बाळगली, आणि कबुली त्यांनी दिली ती त्या ग्रुपवर. याहून मोठी जखम मला कुणी केली नाही. मिस्त्री, सोनपेठ किती लांब आहे हो? एसटीनं येऊन माझ्यावर चार शब्द लिहिले असते तर?

संध्याकाळच्या आत आबासाहेबांचं उत्तर आलं: 'धम्मशीला सात नंबरवरच राहील. ओल्या कापसाचं पंचफुलाबाई रोज ग्रुपवर सगळ्यांना समजावून सांगतील.' मग अंगठ्यांचा नुसता पाऊस. धम्मशीला पंचफुलाच्या गळ्यात पडली. मी कोरडाच राहिलो. तरी खरं सांगतो, पोरगी वाचली तेव्हा माझ्याही जिवात जीव आला. माझ्यामुळे तिचं मशीन जात होतं.

दुसऱ्या दिवशी बालाजीनं पटाशीनं माझी वरची ओळ खरवडली. आणि आबासाहेबांनी हुकूम दिला की पंचफुलाचा फोन पुन्हा बंद पडता कामा नये, पडवीत चार्जिंगची सोय करा. भिंतीचा गिलावा भुसभुशीत, स्क्रू काही धरेना. बालाजीनं इकडंतिकडं पाहिलं आणि त्याची नजर माझ्यावर थांबली.

आता माझ्या कपाळावर सहा पिनांचा बोर्ड बसवलाय. रोज सहा फोन माझ्या अंगावर लोंबकळतात, माझ्या सवतीची सहा पोरं. त्यांना पाजायचं काम माझ्याकडे. वरची पहिली पिन पंचफुलाची, तिला कुणी हात लावत नाही.

माझा मत्सर गेला असं समजू नका. तो तसाच आहे, उलट वाढलाय. पण आता तो ग्रुपचा राहिला नाही, त्या बाईचा आहे. मी अकरा वर्षं शिकवत होतो आणि ती खाली बसून भाकरी खात सगळं ऐकत होती, मशीनचं. ते मला कधी जमलं नाही.

धम्मशीला, माझं एकच मागणं आहे. दुपारी मावशीचा आवाज लावशील तेव्हा फोन कानाला नको धरू. तारेवरून काढू नको, तसाच राहू दे माझ्या अंगावर, आणि आवाज मोठा कर. मलाही कळू दे, ओला कापूस कसा ओरडतो ते.