महिपतच्या मृदंगावरचा रावण

संगमेश्वराच्या आतल्या अंगाला, जिथे एसटी वळून माघारी फिरते, त्या गावात वरच्या वाडीचा कबड्डीचा संघ होता आणि तो दर वर्षी खालच्या वाडीकडून हरत होता. पंच्याऐंशी सालच्या मे महिन्यात मुंबईचा बाबू सुट्टीवर आला, तेव्हा संघाचा कप्तान रघू त्याच्यापुढे रडला.

"बाबूदादा, पोरांच्यात ताकद हाय. जिद्द नाय."

"जिद्द मी आणतो," बाबू म्हणाला, आणि देवरुखातून भाड्याचा रंगीत टीव्ही, व्हिडिओ आणि एका इंग्रजी सिनेमाची कॅसेट घेऊन आला. सिनेमा एका धावणाऱ्याचा होता. "भाषा कळली नाही तरी चालेल. ह्याचं म्युझिक असं आहे, की मुडदा उठून पळेल!"

दुपारी शाळेच्या खिडक्यांवर घोंगड्या टाकून अंधार केला आणि अख्खी वाडी आत कोंबली. महिपतही आला होता, पण स्वखुशीने नव्हे. देवादिकांची सोंगं नाचवत वाडी जो नमनाचा खेळ करायची, त्यात मृदंग वाजवणारा तो जुना गडी. पण या साली वाडीच्या पूजेला बाबूचा टेपरेकॉर्डर लागला आणि महिपतच्या मृदंगाला कुणी विचारलंसुद्धा नाही. तेव्हापासून तो बाबूशी बोलत नव्हता. त्याची बायको हौसा त्याला ओढतच घेऊन आली होती.

सिनेमा सुरू होऊन जरा वेळ झाला नाही तोच वीज फडफडली आणि टीव्हीचा आवाज बसला. चित्र मात्र चालूच. बाबूने टीव्हीला दोन्ही बाजूंनी थापट्या मारल्या, कान लावला, वायर हलवली. काही नाही. पडद्यावर एक किडकिडीत गोरा पोरगा तोंड वेडंवाकडं करून पळत होता. बिनआवाजाचा तो इतका केविलवाणा दिसत होता, की बायका पदर तोंडाला लावून हसायला लागल्या.

"ह्याच्या पोटात दुखतंय काय?" हौसाने विचारलं. सगळी शाळा खदखदली. रघूचे गडीसुद्धा.

जिद्द हातची चालली, हे बाबूच्या ध्यानात आलं. तो महिपतसमोर येऊन उभा राहिला. "महिपतदादा, मृदंग आणा. तुम्हीच वाचवा."

महिपतने आधी डोक्यावरची टोपी नीट केली. मग म्हणाला, "वाजवीन. पण मला शिकवायचं नाय. गोष्ट मी डोळ्यांनी बघीन."

मृदंग आला. महिपतने पडद्यावर नजर लावली. किडकिडीत पोरगा एका म्हाताऱ्यावर हात नाचवत ओरडत होता. तो म्हातारा त्याचा गुरू होता. पण हे महिपतला कोण सांगणार? थोरामोठ्यांवर ओरडतो म्हणजे हा खलपुरुष, असं त्याने ठरवून टाकलं. मग लाल बनियनवाला एक दांडगा गडी आला. तो पाव खाता खाता कुणाशी तरी हसत होता. महिपतला तो आपल्या धाकट्या भावासारखा वाटला. हा हिरो.

झालं! लाल बनियन दिसला की मृदंग असा लाडात यायचा, की माणसं आपोआप ताठ बसायची. आणि किडकिडीत पोरगा आला की महिपत नमनातल्या रावणाच्या प्रवेशाचा ठेका धरायचा, धडाडधूम. पोरं आयांना बिलगायची. तो किडकिडीत सराव करताना घसरून पडला तेव्हा टाळ्या पडल्या.

"अहो, हिरो पडला!" बाबू ओरडला.

"खाली बसा बाबूशेठ," हौसा म्हणाली. "मेला परत उठतोय, दिसत नाय आमाला."

शेवटच्या शर्यतीत अर्थातच किडकिडीत पोरगा जिंकला. पडद्यावर हजारो माणसं नाचत होती. शाळेत मात्र सुतक. लाल बनियनने पुढे होऊन जिंकणाऱ्याशी हात मिळवला, महिपतने मृदंगावर बोटं अगदी हलकी, संथ केली, आणि बायका मुसमुसून रडल्या. रघूने डोळे पुसले.

"काय मन हो त्या तांबड्याचं," तो म्हणाला. "दादा, रविवारी खालच्या वाडीशी सामन्याला तुमी मृदंग घेऊन पायजेच."

बाबू काहीतरी बोलणार होता. पण वाडी महिपतला मध्ये घेऊन केव्हाच बाहेर पडली होती.

रविवारी महिपत नवं धोतर नेसून मैदानाच्या कडेला बसला. बेत सरळ होता. आपल्या गड्याला लाडाचा ठेका, त्यांच्या गड्याला रावण. रघू चढाईला गेला. मृदंग झुलला, रघूही त्या नादात झुलला आणि अलगद पकडला गेला.

मग खालच्या वाडीचा विठू चढाईला निघाला. महिपतने दात आवळून रावण काढला. विठू मध्यरेषेवरच थबकला. त्याच्या नाकपुड्या फुगल्या, छाती पुढे आली. खालच्या वाडीच्या नमनात रावणाचं सोंग हाच विठू घेत असे, हे महिपतला ठाऊक नव्हतं. दहा तोंडांची ताकद आल्यासारखा तो आत घुसला आणि चौघांना मारून गरगर फिरत परत आला.

"बंद करा वो!" रघू किंचाळला.

पण महिपतचे हात थांबेनात. कैक वर्षांत त्याच्या ठेक्यावर असा रावण कुणी नाचला नव्हता. विठू पुन्हा चढाईला आला, महिपतने ठेका आणखी चढवला. पंच शिट्टी वाजवायची विसरून मान डोलावत राहिले. वरची वाडी हरली. आजवर कधी हरली नव्हती तेवढ्या गुणांनी हरली.

सामना संपल्यावर विठू घामाने निथळत आला आणि महिपतच्या पाया पडला. त्याने हातात नारळ ठेवला. "बुवा, औंदा आमच्या नमनाला बसाल काय?"

रघू समोरच उभा होता. महिपत घसा खाकरून म्हणाला, "बघू. विचार करून सांगतो." नारळ मात्र त्याने बगलेत घट्ट धरला.

घरी जाताना वाटेत त्याच्याशी कुणी बोललं नाही. बाबू तर डोळा चुकवून पुढे निघून गेला. दारात हौसा वाट बघत होती.

"हरलो," महिपत म्हणाला.

"आयकलं. आणि ता बगलेत काय?"

"नारळ. खालच्या वाडीवाल्यांनी दिला. घ्यायला नको होता काय गो?"

हौसाने नारळ घेऊन कानाशी हलवून बघितला. "चांगला हाय," ती म्हणाली. "पाय धुवा. आमटीला खोबरं वाटायचंच हाय."