भाता फुगेना

इतरांच्या मनात शंकेची पाल अधूनमधून चुकचुकते. भातेवाल्यांच्या मनात पालींनी कायमचं बिऱ्हाड थाटलं होतं, लेकरंबाळंही वाढवली होती. वजनकाट्यावर चढायचं तर आधी ते वाकून रिकामा काटा शून्यावर आहे का ते बघत, मग चढत, मग उतरून पुन्हा शून्य बघत. वाद्यांचे भाते दुरुस्त करण्यात त्यांची हयात गेली होती. हवा कुठून निसटते ते शोधायचं, हा त्यांचा धंदा. हवा काही दिसत नाही, म्हणून जे दिसत नाही त्याच्यावर आधी संशय घ्यायचा, हा त्या धंद्याचा पहिला धडा. तो त्यांनी घरीही गिरवला.

त्या वर्षी त्यांचं पोट दोन घासांत भरायला लागलं. भूक लागे, ताटावर बसत, आणि तिसऱ्या घासाला कुणीतरी आतून दार लावून घ्यावं तसं होई. चार महिन्यांत अकरा किलो वजन उतरलं. काट्याचं शून्य तपासून झालं होतं, तेव्हा काट्याला दोष देता येईना. मग पहिला संशय बायकोवर.

"तू ह्यात काय घालतेस?"

"जे तीस वर्षं घालतेय तेच."

"मग ताटं बदलू."

बायकोने आपलं ताट पुढे सरकवलं. त्यांच्या ताटातलं सगळं ती पुसून जेवली आणि ढेकर देऊन उठली. तिच्या ताटातल्या तिसऱ्या घासाला ह्यांचं पोट भरलं.

दुसरा संशय मेहुण्यावर. तो औषधांच्या दुकानात काउंटरला होता आणि त्यानेच पित्ताच्या गोळ्या आणून दिल्या होत्या. भातेवाल्यांनी प्रत्येक गोळी ब्लेडने कापून आत काय आहे ते पाहिलं. आत गोळीच होती.

"भावोजी, माझ्यावर नका संशय घेऊ, पोटात दुर्बीण घालून घ्या एकदा," मेहुणा म्हणाला.

दुर्बीण घातली. हे काम करणाऱ्या डॉक्टरीणबाई किडकिडीत होत्या, चष्मा कायम डोक्यावर आणि हसणं कुठेतरी घरी विसरलेलं. त्यांनी नळी बाहेर काढली आणि म्हणाल्या, "जखम नाही, गाठ नाही. थोडी सूज आहे. तुम्ही सारखे ढेकर देत होता, त्यामुळे आत सोडलेली हवा टिकली नाही. तरी तुकडे काढलेत, तपासायला पाठवते."

हवा टिकली नाही, हे भातेवाल्यांना एकदम पटलं. त्यांना जगातली सगळी दुखणी गळतीचीच वाटत. तुकड्यांचा अहवाल आला: काही नाही. दुसऱ्या दवाखान्यात पुन्हा दुर्बीण, पुन्हा तुकडे, पुन्हा काही नाही.

"हे अहवाल माझे नाहीत," ते म्हणाले. "पहिल्यात वय एकसष्ट, दुसऱ्यात बासष्ट. दोन वेगळी माणसं आहेत."

"मध्ये तुमचा वाढदिवस येऊन गेला, भावोजी."

घरादाराने सुटकेचा निःश्वास सोडला. शेजारी अभिनंदन करून गेले. एकटे भातेवाले सुतकी चेहऱ्याने बसून राहिले आणि पट्ट्याला नवीन भोक पाडत राहिले. एकदा स्वयंपाकघराच्या दारामागे त्यांनी बहीणभावांची कुजबुज ऐकली. "मनाच्या डॉक्टरला दाखवू. पोटाचं काही नाहीये, डोक्याचं आहे," मेहुणा सांगत होता. आणि बायको, जी त्यांच्या ताटातलं जेवली होती, तीसुद्धा "हं" म्हणाली.

तो "हं" त्यांना गोळीपेक्षा कडू लागला. आता दोनच शक्यता उरल्या होत्या. एक तर आपण वेडे झालोय, नाहीतर आपण मरतोय आणि लोक आपल्याला शाबासकी देताहेत. ह्यातली कुठली खरी, हे सांगणारं तिसरं माणूस कुणी नव्हतं. बायकोनेच बाजू बदलली होती.

अशात दुकानात एक अकॉर्डियन आलं. ओढलं तरी हवा घेईना, सूर निघायच्या आधीच दम तुटे. भातेवाल्यांनी नेहमीसारखी खिडकी झाकली, भात्याच्या आत दिवा सोडला आणि प्रकाश कुठून पाझरतो ते बघत बसले. एक दिवस, दोन दिवस, तीन दिवस. टाचणीच्या टोकाएवढंही भोक सापडलं नाही. बाहेरून कापड कोरं करकरीत, आतून अस्तर गुळगुळीत. शेवटी वैतागून त्यांनी घडीवर अंगठा दाबला. घडी दबेना. दुसरी दाबली, तीही दबेना. आधीच्या कारागिराने अस्तर आणि कापड यांच्या मध्ये सरस ओतला होता. तो वाळून भाता पुठ्ठ्यासारखा ताठ झाला होता. भोक नव्हतंच. भाता उघडतच नव्हता, मग त्यात हवा मावणार कुठे?

अंगठा तिथेच राहिला. दुसरा हात आपोआप पोटावर गेला.

दुकान तसंच उघडं टाकून ते डॉक्टरीणबाईंच्या खोलीत जाऊन उभे राहिले.

"तुम्ही आत हवा का सोडता?"

"पोट फुगावं म्हणून. फुगलं की घड्या उलगडतात, भिंत नीट दिसते."

"माझं फुगलं होतं?"

"तुम्ही ढेकर..."

"ढेकर सोडा. फुगलं होतं का?"

बाईंनी कॉम्प्युटरवर जुने फोटो काढले, चष्मा डोक्यावरून नाकावर आणला. एक फोटो, मग दुसरा, मग परत पहिला. घड्या जाड होत्या आणि एकीला एक चिकटून बसल्या होत्या. बाईंच्या चेहऱ्यावर आता जे होतं ते भातेवाल्यांनी ताबडतोब ओळखलं, कारण आरशात ते रोज बघत. बाईंनाही संशय आला होता.

"तुकडे कुठले काढले होते?" भातेवाल्यांनी विचारलं.

"वरच्या अस्तराचे," बाई सावकाश म्हणाल्या. "चिमटा तेवढाच खोल जातो. खाली काही असेल तर त्याच जागी पुन्हा चिमटा घ्यावा लागतो. खड्ड्यात खड्डा."

"मग घ्या."

"घेते. उद्या सकाळी उपाशी या."

भातेवाल्यांनी झोपेचं इंजेक्शन नाकारलं. झोपलो की हे लोक काय करतील कोण जाणे. घशात फवारा मारून घेतला आणि कुशीवर पडून पडद्याकडे डोळे लावले. नळी उतरली. बाईंनी हवा सोडली, मग आणखी सोडली. घड्या जागच्या हलल्या नाहीत.

"ढेकर नाही," नर्सने सांगितलं.

"माहीत आहे," बाई म्हणाल्या. "हवेला आत जागाच मिळत नाहीये."

भातेवाल्यांच्या तोंडात नळी होती, म्हणून त्यांना बोलता येईना. त्यांनी एक बोट वर करून दाखवलं. आपण पहिल्यापासून हेच सांगत होतो, असा त्याचा अर्थ असावा. चिमटा एकाच जागी चारदा उतरला. नळी निघाल्यावर भातेवाल्यांनी तुकड्यांच्या बाटलीवर चिठ्ठी आपल्या डोळ्यांसमोर चिकटवायला लावली. बाटली प्रयोगशाळेत पोचवायला मेहुण्याला पाठवलं आणि मेहुण्यावर नजर ठेवायला बायकोला पाठवलं.

आठ दिवसांनी तिघे बाईंच्या समोर बसले होते.

"सापडलं," बाई म्हणाल्या. त्यांनी कागदावर एक गोल काढला आणि कडेला एक टिंब ढकललं. "ह्या पेशी अशा दिसतात, खड्याच्या अंगठीसारख्या. गाठ करत नाहीत, जखम करत नाहीत. एकेकट्या भिंतीच्या आतल्या थरांत शिरतात आणि भिंत ताठ करून टाकतात. पोटाचा कॅन्सरच, पण क्वचित दिसणारा. म्हणून वरवरचे तुकडे स्वच्छ आले. आणि ढेकरावर ढकललं, ती माझी चूक."

मेहुणा जमिनीकडे बघत होता.

"पुढे?" भातेवाल्यांनी विचारलं.

"परवा काढलेल्या स्कॅनमध्ये तरी पोटाबाहेर काही दिसत नाही. आधी औषधं, मग ऑपरेशन. पोट पूर्ण काढावं लागेल. दिवसातून सात-आठ वेळा थोडं थोडं खायचं."

"बरा होईन?"

"सांगता येत नाही. हा प्रकार वाईट आहे. आणखी दोन-तीन महिने गेले असते, तर ऑपरेशनचं बोलण्यात अर्थ राहिला नसता."

भातेवाल्यांनी त्यांच्या चेहऱ्याकडे बराच वेळ पाहिलं. कोपरा न कोपरा धुंडाळला.

"सगळं सांगितलंत?"

"सगळं."

ते उठले. बाहेरच्या बाकावर बायको त्यांच्या शेजारी बसली. मेहुणा पाणी आणायचं निमित्त काढून लांब गेला.

"मी खरं बोलत होतो," भातेवाले म्हणाले.

"हो," बायको म्हणाली. "खोटं बोलत असतात तर बरं झालं असतं हो."

तिचा हात त्यांच्या गुडघ्यावर होता, तो त्यांनी तसाच राहू दिला. मग म्हणाले, "चल, औषधाची तारीख घेऊन टाकू," आणि खिडकीपुढच्या रांगेत जाऊन उभे राहिले. पुढच्या माणसाच्या खांद्याला बोट लावून त्यांनी विचारलं, तुम्ही खरंच माझ्या आधी आलात का.