तम्मण्णा आप्पांचा ताणा

शहापुरात आमच्या गल्लीत बायका चपला घालत नसत. तसा नियम कुणी केला होता असं नाही. उंबऱ्यापाशी पुरुषांच्या चपला असायच्या, आमच्या नसायच्या, एवढंच.

चालणं मात्र आमच्याच वाट्याला असे. साडी विणतो पुरुष, पण मागावर चढण्याआधी उभ्या सुताचा ताणा करावा लागतो, आणि तो तेव्हा गल्लीतच व्हायचा. दोन टोकांना खुंट रोवायचे, मधे काड्या उभ्या करायच्या, आणि बायकांनी हातात सूत गुंडाळलेलं फाळकं धरून या खुंटापासून त्या खुंटापर्यंत सूत ओढत नेत राहायचं. ऊन डोक्यावर येईतो जा-ये चाले. ताणा लागला असेल तिथून कुणी चामडं घालून जायचं नाही, ही रीत मात्र पक्की. गावचा पाटीलसुद्धा चपला हातात घेऊन जाई.

दरवर्षी कार्तिकात गल्लीतले पुरुष वैजनाथच्या डोंगरावर जात. सकाळी निघून संध्याकाळी परत येत आणि पुढं वर्षभर तो डोंगर आम्हाला ऐकवत. मी सतरा वर्षांची होते. मार्गशीर्षात लग्न ठरलं होतं, इचलकरंजीला. शेजारच्या राजाबाईचा नवरा मुंबईच्या गिरणीत होता आणि तिच्या जिभेला आवर घालणारं घरात कुणी नव्हतं. एकदा ताण्यावर चालता चालता ती म्हणाली, "अंजने, ह्यो डोंगर आता ऐकून ऐकून झिजला बघ. औंदा आपून जाऊन बघू, शिल्लक ऱ्हायलाय का."

मी हसले. पण ते मनात रुतून बसलं. लग्नानंतर दुसरी गल्ली, दुसरे खुंट. त्याआधी एक दिवस तरी हे पाय सरळ कुठंतरी जावेत, परत फिरायच्या खुंटाशिवाय, असं मला फार वाटू लागलं.

बेत ठरला तो आमच्या परसात. उचगावची बाळाबाई लोणी विकायला यायची. तिनं सुताच्या कांड्यांची टोपली ओढली आणि शेणानं सारवलेल्या जमिनीवर वाट मांडली. "ही कांडी शहापूर. ही हिंडलगं. ह्ये माझं उचगाव, हितं च्या प्यायचा." पुढं तिनं पाण्याची वाटी ठेवली. "ह्ये तळं. बांधावरनं चालायचं. खालनं गेलासा तर गुडघाभर चिखल." मग टोपलीच पालथी घातली. "ह्यो डोंगर. वर देऊळ. आन पल्याड खाली दुसरं तळं, ह्याच्यापरास मोठं."

"ते वाटेत लागतंय का?" राजाबाईनं विचारलं.

"न्हाय. तिकडनं उतरलं तर लांब पडतंय. बाप्येबी जात न्हाईत तिकडं."

"मग तिकडनंच उतरायचं," मी म्हणाले.

बाळाबाईनं माझ्या पायांकडं पाहिलं. "अनवाणी? जांभा हाय पोरी, करवतीगत. वर कुसळं. दुसरं तळं बघायचं आसंल तर पायात कायतरी घाल."

निपाणीहून नागोजीमामा येणार होता. त्याला निरोप धाडला. त्यानं बाजारातून पुरुषांच्याच, पण लहान मापाच्या चपलांच्या दोन जोड्या आणल्या. टाच सोलून निघायची. मी चपलांना रोज तेल चोळी आणि परसात घालून फिरे. करकर एवढी, की तिसऱ्या घरातल्या तम्मण्णा आप्पांना ऐकू गेली.

तम्मण्णा आप्पा म्हणजे गल्लीचे वडीलधारे. अण्णांना, म्हणजे माझ्या वडलांना, माग लावायला त्यांनीच शिकवलं होतं. ते आमच्या दारात उभे राहिले.

"परशराम, पोरगी काय फौजेत धाडतोस व्हय रं?"

अण्णा तुटलेला धागा जोडत बसले.

"वैजनाथला जातोय, आप्पा," मी म्हणाले.

"तू? अगं, बायकांच्या पायात दम आसतोय का? उचगावपतुर जाशील आन तिथनं गाडी धाडा म्हणशील. आन चपला घालून माझ्या दारावरनं? बघतोच."

ते गेल्यावर अण्णा हळूच म्हणाले, "जा तू. पण मागल्या वाटेनं जा, विहिरीकडनं. चपला पिशवीत घाल, गाव सोडलं की घाल पायात. आप्पांचा मान ऱ्हाईल, तुझा डोंगरबी हुईल."

"न्हाय अण्णा. मी चोरी करायला चालले न्हाय. म्होरच्या दारानं जाणार."

त्या रात्री अण्णा जेवण अर्धं टाकून उठले.

आदल्या दिवशी संध्याकाळी आप्पांनी गल्लीत खुंट रोवले. एक आमच्या दाराच्या अलीकडं, एक पार गल्लीच्या तोंडाशी. मधे काड्यांची रांग. काय चाललंय ते सगळ्यांना कळलं. उजाडता उजाडता ताणा सुरू होणार आणि चपला घालून तिथून जाणं मला काय, कुणालाच शक्य नव्हतं. मी रात्रभर तळमळले.

सकाळी भाकरी आणि चटणी फडक्यात बांधली, तांब्या घेतला, पायात चपला सरकवल्या आणि दार उघडलं. राजाबाई तिच्या दारात तयार. दोघी पुढं पाहतो तर खुंट उभे, काड्या उभ्या, आणि सूत कुठंच नाही.

आप्पांच्या ध्यानात एक गोष्ट आलीच नव्हती. त्यांच्या ताण्यावर चालायच्या तिघी: त्यांची बायको बायाक्का, राजाबाई आणि मी. बायाक्का कट्ट्यावर पाय पसरून बसली होती. फाळकं शेजारी.

"ऊठ की गं!" आप्पा ओरडले.

"कसं उठू? पायात दमच न्हाय," बायाक्का म्हणाली. "तुमीच सांगितलासा न्हवं परशरामच्या दारात? समद्या गल्लीनं आयकलं."

दारादारांत बायका उभ्या होत्या. आप्पांनी एकेकीकडं पाहिलं. एकही पायरी उतरली नाही. एकीनं तर तिथंच बसकण मारली आणि पोटऱ्या चोळू लागली.

सूत नाही म्हणजे ताणा नाही. मी काड्यांच्या कडेनं चालू लागले. चपला करकरत होत्या आणि मी त्या मुद्दाम जोरात टेकवत होते. आप्पांच्या दारावरून जाताना मान खाली घातली नाही. मागून बायाक्काचा आवाज आला, "त्या पल्याडच्या तळ्यातलं पाणी आण गं तांब्यात!"

आणलं. दोन्ही तळी पाहिली. डोंगर झिजला नव्हता, चांगला शिल्लक होता. चढावर राजाबाईला दोनदा बसावं लागलं, माझ्या टाचा सोलल्या, आणि दुसऱ्या तळ्याच्या गार पाण्यात पाय सोडले तेव्हा मला रडू आलं.

दिवेलागणीला गल्लीत शिरलो. आप्पा दिवसभर स्वतःच फाळकं घेऊन चालले होते म्हणे. सुताचा गुंता मांडीवर घेऊन ते कट्ट्यावर बसले होते, एकेक धागा सोडवत. बायाक्कानं तांब्या घेतला आणि त्यांच्या देखत घटाघट पाणी प्यायली.

आप्पांनी माझ्या चपलांकडं पाहिलं. जांभ्यानं लाल झाल्या होत्या.

"पाय दुखतात का गं?"

"न्हाय, आप्पा."

लई दुखत होते. पण त्यांना कशाला सांगू? घरात आले, चपला काढल्या आणि उंबऱ्यापाशी अण्णांच्या जोडीशेजारी ठेवल्या.