छताला गादी

पद्मानं गोणपाट ताणलेली चौकट डोक्यावर तोलून धरली आणि अण्णांनी तिला खालून बांबूचा टेकू दिला. गोणपाटातला काथ्या तिच्या केसांत, पोलक्याच्या गळ्यात शिरला. टोचत असणार; तिला काही जाणवत नव्हतं.

वाडीतला काळूराम काथ्याचं आणखी एक पोतं घेऊन तळघरात उतरला आणि वर बघतच राहिला.

"छताला गादी? मंग आता वटवाघळावानी उलटं निजायचं व्हय, अण्णा?"

एरवी पद्मा पोट धरून हसली असती. रेवदंड्याच्या शाळेत तिचं हसू चार वर्ग पलीकडे ऐकू जाई. आत्ता तिनं नुसता खिळा पुढे केला.

दादा आषाढात मुंबईला विषमज्वरानं गेला. बोटीनं त्याची ट्रंक आली, ग्रामोफोन आला. वर्षश्राद्ध होईपर्यंत घरात गाणं लागायचं नाही, असं आईनं सांगून टाकलं, आणि तिचा शब्द म्हणजे दगडावरची रेघ. पण दादाची एखादी तबकडी ऐकल्याशिवाय अण्णांच्या घशाखाली घास उतरेना. शेवटी आईच म्हणाली,

"तळघरात लावा हवं तर. माझ्या कानावर सूर येता कामा नये."

तळघराचं छत म्हणजे माजघराच्या फळ्या. मुंबईच्या रेडिओ केंद्रात आवाज पिणाऱ्या तयार पाट्या लावतात, असं दादा सांगायचा. त्या कुठल्या परवडायला! घरच्या नारळांचा काथ्या होता, सुपारीची जुनी गोणपाटं होती, तीच काथ्या भरून बांबूच्या चौकटींवर ताणली.

संध्याकाळी अण्णांनी तबकडी लावली. पद्मा वर गेली. आई तांदूळ पाखडत होती.

"येतंय का गं काही ऐकू?"

"नाही. झालं मनासारखं," आई म्हणाली. सूप मात्र हातात तसंच थांबलं होतं.

दुसऱ्या दिवशी कोपऱ्यातलं एक गोणपाट उसवून लोंबत होतं. खाली काथ्याचा ढीग.

"उंदीर," अण्णा म्हणाले.

पद्मानं काथ्या कोंबून टाके घातले. सकाळी पुन्हा तेच. या खेपेला ती कंदील घेऊन स्टुलावर चढली. तिथल्या फळीतली लाकडाची गाठ निखळून पडली होती. भोकातून माजघरातला उजेड दिसत होता. ती सुई ओवणार, एवढ्यात वरून खराट्याचा हीर खाली उतरला. थोडा चाचपडला, मग उरलेला काथ्या हळूहळू खाली ढकलू लागला. वर बांगड्या किणकिणल्या. तांदळाचे दोन दाणे पद्माच्या तळहातावर पडले.

हीर वर निघून गेला.

"काय गं, उंदीरच ना?" अण्णांनी खालून विचारलं.

"हो."

"मग बुजव की."

ती स्टुलावरून उतरली. सुई पोलक्याला टोचून ठेवली, ग्रामोफोनचा चौरंग ओढत ओढत त्या कोपऱ्यात नेला आणि बरोबर भोकाखाली ठेवला.

अण्णांनी तिच्याकडे पाहिलं, मग वर पाहिलं. त्यांनी चावी द्यायला घेतली.

तबकडी फिरू लागली. वर सूप जमिनीवर टेकल्याचा आवाज आला.

पद्माच्या मानेवर काथ्याची खाज सुटली होती. दोन्ही हातांनी ती कराकरा खाजवू लागली.