मागची सीट

आधीच सांगून टाकते, चूक माझी होती. नवऱ्याचीही होती, नाही असं नाही. पण तो विसरला होता, आणि मी सगळं आठवत असून मूग गिळून बसले होते. विसरणाऱ्याला लोक माफ करतात. माझ्यासारखीला कोण करणार?

आम्ही कोळशेतचे, ठाण्याच्या खाडीकडचे आगरी. समोर आता तीस-तीस मजल्यांचे टॉवर झालेत, पण गावठाणात आमचं एकमजली घर आणि पुढचा ओटा अजून आहे. घरात मी, माझा नवरा नाथा आणि सासूबाई आवडाबाई. मुलगा मितेश पुण्याला शिकतो. सासूबाई बहात्तरच्या. अर्धं आयुष्य त्यांचं मिठागरात गेलं. भर उन्हात मीठ ओढायचं, टोपल्या भरायच्या, डोक्यावरून वाहायच्या. ती मिठागरं बंद पडली, त्यालाही आता जमाना झाला.

दोन वर्षांपूर्वी टीव्हीवर कच्छचं रण दाखवत होते. नजर जाईल तिथवर पांढरं मीठ. सासूबाई म्हणाल्या, "नाथा, मना यो बगाचा हाय." नाथा म्हणाला, "नेतो ना, आये." बस्स, एवढंच. आमच्या घरातल्या सगळ्या मोठ्या गोष्टी अशाच जेवता जेवता ठरतात.

आता ट्रेनने न्यावं, आठ दिवसांत परत आणावं, असं साधं सरळ आमच्या नाथाला कुठलं सुचायला! त्याने मोबाइलवर व्हिडिओ बघायला घेतले. गाडीत झोपणारे लोक, गाडीत जेवण बनवणारे लोक, वाळूत गाडी मुद्दाम रुतवून परत बाहेर काढणारे लोक. सहा महिन्यांत एक जुनी सात सीटची फोर बाय फोर दारात उभी. काळी, म्हशीएवढी. मी म्हटलं, "हिला वैरण काय घालायची ते पण विचारून आलात ना?" तो नुसता हसला. त्याला माझं बोलणं अंगाला लागतच नाही, हे एक बरं आहे.

गाडीचं काम दिलं डोंबिवलीच्या एमआयडीसीतल्या दौलतला. तो आधी बसच्या बॉड्या बनवायचा, आता असल्या हौशी लोकांच्या गाड्या सजवून देतो. माणूस कामाचा पक्का, पण घाई केलेली खपत नाही त्याला. त्याने स्प्रिंगा बदलून गाडी दोन इंच उचलली, जाड टायर घातले, टपावर कॅरिअर केला, दुसरी बॅटरी बसवली, फ्रिजला जागा काढली. मागचं दार उघडलं की ड्रॉवरसारखा ओटा बाहेर येणार आणि त्यावर शेगडी मांडायची, असं ठरलं.

त्या ओट्यासाठी दौलतने मला बोलावून घेतलं. "वहिनी, कोपर वाकवून सरळ उभ्या राहा." जमिनीपासून कोपरापर्यंत टेप लावली, चार इंच कमी केले आणि प्लायवर पेन्सिलने आकडा लिहिला. एकवीस वर्षं मी सासूबाईंच्या उंचीच्या ओट्यावर कमरेतून वाकून भाकऱ्या थापतेय. माझ्या मापाचा ओटा पहिल्यांदा होत होता, आणि तोही गाडीत! खोटं कशाला बोलू, मला भरून आलं.

तेव्हापासून मला पण त्या गाडीचं वेड लागलं. आधी "काय हे खूळ" म्हणणारी मी दर रविवारी नटूनथटून नाथाबरोबर माणकोलीच्या नव्या पुलावरून डोंबिवलीला जायला लागले. कुठला डबा कुठे बसेल, पाण्याची टाकी कुठे, चादरी कुठे, सगळं मीच ठरवलं. कारण काय सांगू? एकवीस वर्षांत आम्ही दोघं असे एकटे कधी कुठे गेलोच नव्हतो. एकवीरेला गेलो तरी सतरा माणसं आणि एक बोकड. लग्नानंतर महाबळेश्वरला गेलेलो, तर नणंद आणि तिची दोन पोरं बरोबर. मला नवऱ्याबरोबर एकटीला जायचं होतं. यात लाजायचं काय?

पण मग सीटांचा विषय निघाला. आत झोपायला बेड करायचा तर शेवटची रांग काढावी लागणार होती आणि मधलीही. दौलत म्हणाला, "मधली रांग दोन भागांत सुटते, नाथाशेठ. मोठा भाग काढावा लागेलच. छोटा भाग एका माणसाचा आहे, तो राहू शकतो. पण मग बेड अर्धाच होईल. काय करू?"

नाथा माझ्याकडे वळला. "तिसरा कोण येणार आहे आपल्याबरोबर? ठेवायची का गं, निशा?"

मला तो टीव्ही आठवला. सासूबाईंचा शब्दन् शब्द आठवला. नाथा विसरला होता, ते त्याच्या तोंडावर दिसत होतं. वर्षभर टायर आणि बॅटऱ्या बघून बघून गाडी कोणासाठी घेतली तेच त्याच्या डोक्यातून गेलं होतं. मी आठवण करून द्यायला हवी होती.

"कशाला?" मी म्हटलं.

बाकीच्या मोठ्या सीटांनीच दौलतची शेड भरली, म्हणून ती एका माणसाची सीट टेम्पोतून घरी आली. टेम्पोवाल्या पोरांनी ती पुढच्या ओट्यावर ठेवली. नंतर वर माळ्यावर टाकू म्हणून आम्ही तशीच राहू दिली. दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर सासूबाई त्या सीटवर ताठ बसलेल्या, तोंड रस्त्याकडे, मांडीवर हात. चहा तिथेच घेतला. दुपारी भाजी निवडायला पण तिथेच. प्लास्टिकची खुर्ची पुढे केली तर म्हणाल्या, "नको, हीच बरी."

मी मनात म्हटलं, झालं सुरू! हा सत्याग्रह आहे. तोंडाने काही बोलायचं नाही, गावाला दिसेल असं बसायचं. मग मी पण भांडी आदळली. वाटलं, आयुष्यभर सगळ्यांचं करत आले, एकदा मला काही हवं झालं तर यांना लगेच टोचतंय. आठ दिवस माझं डोकं नुसतं भणभणत होतं.

नाथाला त्यातलं काहीच कळत नव्हतं. तो रोज रात्री जेवताना कच्छच्या रस्त्याचं पुराण लावायचा, कुठे थांबायचं, कुठे डिझेल भरायचं. आणि सकाळी जाता जाता आईची मस्करी करायचा, "कय आये, गारी कुठवर आली?"

त्या म्हणायच्या, "मनोर आला."

दुसऱ्या दिवशी वापी आलं. मग सुरत. तो हसत हसत निघून जायचा आणि मी आत दात-ओठ खायचे, कारण मला वाटायचं हे टोमणे मलाच आहेत.

एका दुपारी शेजारची दर्शना ओट्यावर येऊन टेकली. मी आत कांदा चिरत होते. खिडकी उघडी होती, सगळं ऐकू येत होतं.

"आत्या, गारी कच्छला चालली ना? तू पन चाललीस कय?"

आता बाई सुरू होणार, मी कान टवकारले.

"नाय गो," सासूबाई म्हणाल्या. "ती दोघाच जातान. निशानं एकवीस वर्सान कय बगलाय? जाऊ दे त्यांना."

"आन तू?"

"मी हितूनच चालली ना. आज भरूच आला." आणि त्या हसल्या. मनापासून हसल्या.

माझी सुरी तिथेच थांबली. सत्याग्रह नव्हता, टोमणा नव्हता, काहीच नव्हतं. म्हातारी ओट्यावर बसून आमच्याबरोबर कच्छला येत होती, आणि मी तिच्या नावाने आठ दिवस भांडी आदळत होते. मला स्वतःची इतकी लाज वाटली की कांद्याला दोष देऊन मी मोरीत जाऊन तोंड धुतलं.

संध्याकाळी नाथा आल्या आल्या त्याला सगळं सांगितलं. तो खुर्चीत बसला तो उठेचना.

"आयला... हो गं. आयच बोललेली. मी साफ विसरलेलो. मग दौलतकडे का नाय बोललीस?"

"कारण मला तुमच्याबरोबर एकटीला जायचं होतं," मी म्हटलं. "दुसरं काही कारण नाही."

तो चिडला असता तर बरं झालं असतं. तो चिडला नाही. एवढंच म्हणाला, "एवढी मोठी गाडी, निशा. आणि जिच्यासाठी घेतली तिलाच खाली उतरवलं आपण."

दुसऱ्याच दिवशी सकाळी सासूबाई देवळात गेलेल्या असताना सीट टेम्पोत घातली आणि मी स्वतः बरोबर गेले. दौलतने कपाळावर हात मारला. "वहिनी, बेड तयार आहे! पॉलिशसुद्धा झालंय. आता कापायचा?"

"कापा."

"मग तुम्ही दोघं झोपणार कुठे?"

"आई आत झोपतील. आम्ही बाहेर तंबू लावू."

त्याने करवत लावली आणि मला प्लायचं दुसरं टोक धरायला सांगितलं. बेड अर्धा झाला. मला वाईट वाटलं, वाटायचं ते वाटलंच. पण सीट जागेवर बसून बोल्ट आवळले गेले तेव्हा आठ दिवसांत पहिल्यांदा माझ्या डोक्यातली भणभण थांबली.

घरी आले तर सासूबाई ओट्यावर खांबाला धरून उभ्या. रिकाम्या जागेकडे बघत होत्या. "सीट कुठं गेली गो?"

"गाडीत. तुमची आहे ती, आई. पंधरा दिवसांनी आपण तिघं कच्छला निघतोय."

त्या हळूच पायरीवर बसल्या. मी पण बाजूला बसले. त्यांनी विचारलं, "कोनाला आठवला? नाथाला?"

हो म्हटलं असतं तर सुटले असते. नाथाने पण हूं केलं असतं.

"नाही," मी म्हटलं. "मला. मला पहिल्यापासून आठवत होतं. सीट काढताना पण आठवत होतं. मी मुद्दाम बोलले नाही, आई."

मी वाट बघत होते की आता ओरडतील, निदान तोंड फिरवतील. त्यांनी माझा हात घट्ट धरला आणि माझ्याकडे असं बघितलं की मी कधी विसरणार नाही.

"म्हंजे मी खरंच बोलली व्हती?"

"म्हणजे काय?"

"कोनच काय बोलं ना. नाथा बोलं ना, तू बोलं ना. मना वाटला, आपल्या डोक्याचा आता काय खरा नाय. सपनान बोलली असन." त्यांचा आवाज बारीक झाला. "मंग मी कोनाला इचारलाच नाय. भ्या वाटला."

मला हुंदकाच फुटला. सीटचं मला कळलं होतं, हे कळलं नव्हतं. दोन वर्षं ही बाई आपलं डोकं गेलं असं समजून गप्प बसली होती, आणि ते खरं नाही हे सांगू शकेल असं एकच माणूस घरात होतं.

"बोललात तुम्ही," मी म्हटलं. "बुधवार होता. बोंबलाचं कालवण केलेलं. तुम्ही ताटावरून उठून टीव्हीजवळ गेलात, चष्मा न लावता. काचेला बोट लावून म्हणालात, नाथा, मना यो बगाचा हाय."

"आन नाथा?"

"नेतो ना आये, म्हणाला."

"आन मी?"

"तुम्ही म्हणालात, पावसात याचा कय होतो? सगला इरघलतो कय?"

त्या मान हलवत होत्या, एकेक शब्दाला. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तोंडभर हसू.

"परत सांग," त्या म्हणाल्या.

मी डोळे पुसले आणि बुधवारपासून परत सांगितलं.