गोमाचे डोळे

"शेपटीला केस कमी पडले गं," सातोए म्हणाली. "बाकी चित्रातला सगळा गोमा झाला. शेपूट तेवढी उंदराची दिसतेय."

दारात उभ्या असलेल्या किनुयोने नाक पुसलं. "बघते घरात. गादीखाली, कपाटामागे कुठंतरी अडकले असतील."

चार दिवसांनी ती पिशवी भरून केस घेऊन आली. काळे, करडे, मऊ. "कपाटामागं सापडले," म्हणाली. सातोएने पिशवीत तोंड खुपसलं आणि रडून घेतलं. किनुयो तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. त्या हाताची आठवण पुढे सातोएला फार दिवस छळणार होती.

गोमा म्हणजे तीळ. कुत्र्याच्या अंगावर काळे-पांढरे केस तिळासारखे मिसळलेले, म्हणून हे नाव. कुत्रा किनुयोचा, पण किनुयोचे गुडघे कामातून गेलेले. त्यामुळे तो पिल्लू होता तेव्हापासून रोज सकाळी त्याला फिरवून आणायची ती शेजारीण सातोए. बिटाच्या शेतांमधून नदीपर्यंत आणि परत. उत्तर जपानातल्या तोकाचीच्या थंडीत पापण्यांवर बर्फ जमायचं, तरी खाडा नाही. चेरी फुलल्या त्या आठवड्यात ती नेहमीसारखी पट्टा घ्यायला गेली, तर किनुयो पायरीवरच उभी होती. "रात्री गेला गं तो. दवाखान्यातच. तिथून पहाटेच परस्पर अग्नी दिला." देवघरात पांढऱ्या फडक्यात बांधलेलं अस्थींचं मडकं होतं. सातोएने उदबत्ती लावली, हात जोडले आणि घरी येऊन भिंतीकडे तोंड करून पडून राहिली.

सातोए शाळेच्या स्वयंपाकघरात भात शिजवता शिजवता निवृत्त झालेली बाई. नवरा नाही, मूलबाळ नाही. हाताला चित्रांचा नाद मात्र जुना. आधी ॲक्रिलिक रंग. ते तिला आवडायचे, कारण चुकलं तरी बिघडत नाही. दुसऱ्या दिवशी वरून दुसरा रंग फासायचा की जुनं पाप झाकलं. तिच्या एकेका कॅनव्हासखाली तीन-तीन डोंगर पुरलेले होते. मग ती लोकरीच्या चित्रांकडे वळली. कापडावर रंगाने शेत, आकाश रंगवायचं आणि त्यावर दातेरी सुईने लोकर टोचत टोचत प्राणी उभा करायचा. टोचलेली लोकर कापडात अशी रुतते की पुन्हा निघत नाही. म्हणून लोकरीपाशी ती सांभाळून बसायची. लोक आपल्या मांजराकुत्र्यांचे केस आणून द्यायचे, ती ते लोकरीत मिसळायची. सगळ्यात शेवटी डोळ्यांत पांढऱ्या रंगाचा एकेक ठिपका. तो ठिपका पडला की लोकरीचा गोळा आपल्याकडे बघायला लागतो. हे काम ती मालकाच्या समोर करायची. गोमाचे डोळे मृत्यूनंतरच्या एकोणपन्नासाव्या दिवसाच्या पूजेला उघडायचे, असं दोघींचं ठरलं होतं.

शेपूट झाली. थोडे केस उरले. त्यांची लहानशी गुंडी करून आपल्याजवळ ठेवावी म्हणून सातोएने ते कोमट पाण्यात भिजवले, आणि पाण्यावर तेलकट तवंग आला. तिने बोट बुडवून नाकाशी नेलं. हा वास तिला झोपेतसुद्धा ओळखता आला असता. न धुतलेल्या मेंढीच्या लोकरीचा वास. केसांत गवताची हिरवी काडी होती, आणि दोन-चार पांढरे कुरळे तंतू.

गोमाने जन्मात मेंढी पाहिली नव्हती. कपाटामागे हिरवं गवत उगवत नाही. आणि किनुयोचा दीर डोंगराच्या पायथ्याशी मेंढ्या पाळतो, हे सगळ्या गल्लीला माहीत होतं.

'असेल काहीतरी,' असं तिने स्वतःला तीनदा समजावलं आणि सकाळची बस पकडली.

कुंपणाशी ती पोचायच्या आतच गोमा आला. भुंकला नाही. पोटातून रडल्यासारखा कुंइकुंइ आवाज काढत तिच्या पायांवर आडवाच पडला. सातोए चिखलात मटकन बसली. तो तिचे हात चाटत होता, आणि तिला आनंदही धड होईना.

कातरणीचे दिवस होते. दीर हात पुसत बाहेर आला. "अहो बाई, हा परक्याला जवळ करत नाही! तुम्हांला बरा चिकटला?"

"लोकरीचं काम करते मी. वास येत असेल."

"मग बरोबर. आता लोकरीतच लोळतो दिवसभर. वहिनीचा हा. तिचा नातू राहायला आलाय ना, त्याला केसांनी दमा उठतो. मग इकडं आणून सोडला. पण माया फार. दर रविवारी येते, विंचरते, केससुद्धा पिशवीत भरून नेते. काय करते केसांचं कोण जाणे."

सातोए म्हणाली, "कुणाला द्यायचा असेल तर... मी एकटीच असते घरी."

"द्यायला काय, मला जडच झालाय. मेंढ्यांपेक्षा जास्त खातो. पण कुणालाही दे, शेजारणीला तेवढा देऊ नकोस, असं वहिनीनं बजावलंय." तो हसला. "बायकांची भांडणं! तुम्ही कुठल्या म्हणालात?"

"मी..." सातोए उठली. गुडघ्यांचा चिखल झटकला. "मी लोकर बघायला आले होते."

गोठ्यातून गड्याची शीळ आली. गोमाने एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा गोठ्याकडे, आणि मग तो गोठ्याकडे पळाला. खरं तर त्याचं काही चुकलं नव्हतं.

केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच. आणि केसही पिशवीत भरून आणून दिलेले! परतीच्या बसमध्ये सातोएला रडू आलं नाही, नुसता संताप आला. मग तो संतापही निवला आणि मागे उरली ती लाज. त्या मडक्यापुढे आपण रोज हात जोडत होतो.

पूजेच्या दिवशी ती मुद्दाम लवकर गेली. किनुयो स्वयंपाकघरात ओहागी वळत होती. चिकट भाताच्या गोळ्यांवर लाल घेवड्याचं गोड पुरण थापत होती.

"त्या मडक्यात काय आहे गं?" सातोएने विचारलं.

"असं काय विचारतेस? गोमा—"

"गोमानं परवा माझे हात चाटले."

किनुयोचा हात पुरणातच थांबला. ती म्हणाली, "शेगडीतली राख आहे."

"मला का नाही सांगितलंस? मी ठेवला असता. भिंतीपलीकडं तर राहते मी. रोज दिसला असता तुला."

"रोज दिसला असता!" किनुयो एकदम उसळली. "तेच तर! खाऊ घालायची मी, आजारपण काढायची मी, आणि शेपूट हलायची तुझ्या पावलाच्या आवाजाला. तुझ्या घरी गेला असता तर माझ्याकडं मान वळवून पाहिलं नसतं त्यानं. मला ते बघवलं नसतं, सातोए."

"म्हणून मारलास?"

"दुसऱ्या कुणाचाही झाला असता तर चाललं असतं मला," किनुयो हळूच म्हणाली. "तुझा नको होता."

बाहेर चपलांचे आवाज आले. गल्लीतल्या दोघीतिघी फुलं घेऊन आल्या. उदबत्ती झाली, चहा झाला. चित्र मडक्याशेजारी टेकवून ठेवलं होतं: मागे रंगवलेलं बर्फाचं शेत, नदी, आणि पुढे लोकरीचा गोमा, कान टवकारलेला, आंधळा.

"घाल की गं डोळे," एकजण म्हणाली. "कधीची वाट बघतोय आम्ही."

सातोएने पांढऱ्या रंगाची ट्यूब उघडली, बशीत थेंबभर रंग काढला, बारीक ब्रश बुडवला. आणि ब्रश किनुयोपुढे धरला.

"तू घाल. कुत्रा तुझा आहे."

"किती मोठं मन बाई हिचं!" कुणीतरी कौतुकाने म्हटलं.

किनुयोने ब्रश घेतला. पुरणाचे डाग अजून तिच्या बोटांवर होते. नको म्हणायला तोंड उघडलं, पण सगळ्या तिच्याकडेच बघत होत्या. एका डोळ्यात ठिपका पडला. दुसऱ्या वेळी ब्रश घसरला आणि पांढरा रंग डोळ्याखालच्या केसांत ओघळला. तिने घाईने पुसायला बोट लावलं, तो आणखीच पसरला. लोकरीत मुरलेला रंग निघत नाही.

"जिवंत वाटतो हं अगदी," शेजारची म्हातारी डोळे पुसत म्हणाली. "रडतोय जणू."

सातोएने ब्रश परत घेतला. किनुयोने तो इतका वेळ मुठीत धरला होता की केस वाळून काडीसारखे कडक झाले होते. तिने तो रुमालात गुंडाळला, सगळ्यांना वाकून नमस्कार केला आणि पायरीशी येऊन चपला घालू लागली.

किनुयो मागोमाग लंगडत आली. गुडघे धरून पायरीवर उभी राहिली. "सातोए, उद्या सकाळी येशील ना? तू आणि मी, नदीपर्यंत. मी चालेन हळूहळू."

खुंटीवर गोमाचा पट्टा तसाच लटकत होता. सातोएने तो काढून नीट गुंडाळला आणि किनुयोच्या हातात दिला.

"रविवारी घेऊन जा," ती म्हणाली. "तिकडं रस्त्याला गाड्या असतात."